वाळवंटातला स्वयंपाक पहाटेच उरकायचा

कणकेचा गोळा परातीत ठेवून मी धाकट्याला उठवायला आत गेले. दहा मिनिटांनी परत आले, तर गोळ्यावर पापुद्रा धरला होता, बोट टेकवलं की कुरकुर वाजेल असा. वाळवंटात राहायला आल्यानंतरचा तो पहिलाच आठवडा. ऊन असणार, घाम येणार, याची मनाची तयारी होती. पण त्या पापुद्र्याने खरं दुखणं दाखवलं. इथे उन्हापेक्षा कोरडेपणाशी जास्त गाठ असते. हवा इतकी कोरडी, की जिथे ओल दिसेल तिथून ती ओढून घेते. कणकेतून घेते, कोथिंबिरीतून घेते, ओठांतून घेते, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराच्या अंगातूनही घेते, त्याला पत्ता न लागता.

आता या हवेत आमचा संसार होऊन तेरा वर्षं झाली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. जे शिकले ते बरंचसं चुकून शिकले. नव्याने अशा हवेत संसार मांडणाऱ्याला त्या चुका टाळता याव्यात म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी आपली हवा ओळखा

वाळवंट म्हटलं की सगळीकडे कोरडंच, असं नाही. समुद्राकाठच्या वाळवंटात उन्हाळ्यात हवा तापलेली आणि वर दमट असते. तिथे पुढच्यातल्या निम्म्या युक्त्या चालत नाहीत. म्हणून आधी ही परीक्षा करा. स्टीलच्या पेल्यात फ्रिजमधलं गार पाणी भरा आणि ओट्यावर ठेवा. पाच मिनिटांत पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळायला लागले, तर हवा दमट आहे. पेला कोरडाच राहिला किंवा जरासं धुकं धरून ते उडून गेलं, तर हवा कोरडी आहे. आमच्याकडे वर्षाचे बरेच महिने पेला कोरडा असतो, पण मधूनच काही दिवस वारा फिरतो आणि थेंब धरतात. त्या दिवशी माठ गार होत नाही आणि कूलर लावला तर खोलीत नुसतं चिकचिक होतं. मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचं कारण नाही. यंत्र ठीक असतं, हवा बदललेली असते.

घड्याळ सरकवा

सगळ्यात मोठा फरक कुठल्या यंत्राने पडला नाही, वेळ बदलल्याने पडला. मी साडेचारला उठते. त्या वेळी ओट्यावरचा दगड हाताला गार लागतो. सात वाजेपर्यंत दोन्ही वेळचं शिजवायचं काम संपलेलं असतं आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात मोठी आच पेटत नाही.

यामागचा हिशोब एकदा समजून घेतला की पहाटे उठायचा कंटाळा येत नाही. गॅसची मोठी शेगडी पूर्ण आचेवर असली की साधारण दोन ते तीन किलोवॅट उष्णता सोडते. एक टनाचा एसी खोलीतून साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे दुपारी बारा वाजता तुम्ही शेगडी पेटवली, की एसीची निम्म्याहून जास्त ताकद तुमच्या भाजीशी भांडण्यात जाते. शिवाय उकळत्या पातेल्याची वाफ वेगळीच. म्हणून झाकण न ठेवता काहीही उकळायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मुलांनाही पाठ आहे.

कमी आचेत शिजवायची माझी सगळ्यात लाडकी रीत घोंगडीची. डाळ आधी अर्धा तास भिजवायची, जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण लावून दहा मिनिटं खळखळून उकळायची, गॅस बंद करायचा आणि झाकण न उघडता पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवायचं. चारी बाजूंनी उशा दाबायच्या. दीड तासाने तूरडाळ बोटाने मोडते. पातेलं निदान तीन चतुर्थांश भरलेलं हवं, अर्धं रिकामं असलं तर उष्णता टिकत नाही आणि डाळ कचकचीत राहते. खोक्यातून काढल्यावर तिला एक उकळी आणायची आणि लगेच वाढायची किंवा थंड करायला घ्यायची. सकाळपासून दुपारपर्यंत खोक्यात विसरायची नाही. राजमा मात्र मी या रीतीने करत नाही. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते मंद उष्णतेत जात नाही. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि सरळ कुकरला लावा.

गच्चीवर जागा असेल तर सूर्यचूल जरूर घ्या. काचेचं झाकण असलेल्या पेटीत ऊन कोंडून पाणी उकळण्यापेक्षा जास्त उष्णता मिळते, हे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७च्या सुमारास करून पाहिलं होतं. आपल्याकडे तर ऊन फुकट पडून असतं. मी तिच्यात भात, बटाटे, भोपळा, रताळी शिजवते. डबा बाहेरून काळा हवा, आणि काच रोज पुसलीच पाहिजे. धुळीचा एक थर बसला तरी अर्धा तास जास्त लागतो.

भात, आणि माझ्या हातून झालेली चूक

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळी सहाला भात करायची आणि दुपारी दीडला वाढायची. तोवर भात ओट्यावर झाकून ठेवलेला. वास नाही, चिकटपणा नाही, चवीतही काही नाही. एका दुपारी थोरलीने जेवण केलं आणि तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. मी गरम करून वाढला होता भात, त्यामुळे माझा त्याच्यावर संशयच गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, भात किती वेळ बाहेर होता? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तांदळात एका जिवाणूची बीजं असतात, बॅसिलस सेरियस त्याचं नाव. भात उकळला तरी ती मरत नाहीत. भात कोमट झाला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. म्हणजे 'गरम करून खाल्लं की झालं' हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा इथे उपयोगाचा नाही.

त्या दिवसापासून घरात हा नियम आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. एरवी दोन तासांची सूट धरतात, पण भोवतालची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि आमच्याकडे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत स्वयंपाकघर ३२च्या वरच असतं.

तर आता भात असा हाताळते. कुकर उतरला की लगेच मोठ्या ताटात बोटभर जाडीने पसरायचा. ते ताट गार पाण्याच्या परातीत तरंगतं ठेवायचं, पाण्यात बर्फाचे चार खडे टाकायचे. पंधरा-वीस मिनिटांत भात हाताला गार लागतो. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. खोल डबा घेऊ नका, मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. डाळ, उसळ, रस्सा यांचंही तेच. पातेलं थंड पाण्यात ठेवून डावाने ढवळत राहिलं की वाफ लवकर जाते. वाढताना हवं तेवढंच काढून वाफ येईपर्यंत गरम करायचं आणि उरलेलं परत फ्रिजमध्ये न ढकलता संपवायचं.

शाळेच्या डब्यात मी उन्हाळ्यात भात आणि ओली उसळ देतच नाही. पोळी आणि कोरडी भाजी, भाजलेले दाणे, खजूर, सबंध फळ. कापलेलं फळ नाही. डब्याखाली पिशवीत गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली ठेवते. डबा गार राहतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाटलीतलं पाणी पिण्याजोगं झालेलं असतं.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद दारात खालच्या भागातलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. म्हणून मी फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवते.

कणीक, दही, भिजत घातलेलं

कोरड्या हवेत पीठसुद्धा वाळतं. तेवढ्याच पिठाला इथे पाणी जास्त लागतं, आणि किती जास्त ते मापाने सांगता येत नाही. मी कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवते, हाताला चिकटेल इतकी. मग ओल्या मलमलीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात वीस मिनिटं ठेवते. तेवढ्यात पीठ पाणी शोषतं आणि गोळा हवा तसा येतो. नुसतं तेल लावून उघडी ठेवली तर पापुद्रा धरतोच. लाटतानाही एका वेळी एकच गोळी बाहेर, बाकीच्या फडक्याखाली. पोळी तव्यावरून उतरली की लगेच सुती कापडात आणि कापडासकट डब्यात. ताटात दोन मिनिटं उघडी राहिली तरी कडा पापडासारख्या होतात. यीस्टचा पाव करत असाल तर यीस्ट निम्मं घ्या, पीठ बर्फाच्या पाण्याने मळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्या. बाहेर ठेवलेलं पीठ तासाभरात फुगून आंबून खाली बसतं.

दह्याची गंमत उलटी आहे. थंड गावात दही लागावं म्हणून भांडं गुंडाळून ठेवावं लागतं, इथे ते फार लवकर लागतं. विरजणातले जिवाणू ४० ते ४५ अंशांना सगळ्यात जोमाने काम करतात, आणि दुपारचं माझं स्वयंपाकघर नेमकं तेवढंच असतं. सुरुवातीला मी सवयीने रात्री झोपताना विरजण लावायची. सकाळी भांड्यात वर पिवळं पाणी, खाली आंबट गोळा. आता दूध तापवून पूर्ण निवू देते, अर्ध्या लिटरला अर्धा चहाचा चमचा विरजण, तेही दुधात नीट फेटून. दुपारी दोनला लावते, साडेपाचला भांडं जरा तिरकं करून बघते. दही कडेपासून एकसंध सुटलं की त्याच क्षणी फ्रिजमध्ये. अजून हलतंय असं वाटलं तरी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाही. मातीच्या भांड्यात लावलं तर मातीतून पाणी झिरपून उडतं, भांडं थोडं गार राहतं, दही सावकाश लागतं आणि घट्ट, गोडसर होतं. सासूबाईंना तेच आवडतं, म्हणून त्यांची मातीची वाटी वेगळी.

कडधान्य भिजत घालायचं ते फ्रिजमध्येच. ओट्यावर चार-पाच तासांत वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. मोडसुद्धा मी फ्रिजमधून अधूनमधून बाहेर काढत, दिवसातून तीनदा धुऊन आणते, आणि कच्चे खायला कुणाला देत नाही, शिजवूनच.

कोथिंबीर, पुदिना, पालक बाजारातून येतानाच मान टाकतात. फेकू नका. देठांची टोकं कापा आणि जुडी वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवा. पानांतल्या पेशी पाणी ओढून पुन्हा ताठ होतात, डोळ्यांदेखत. मग चाळणीत पूर्ण निथळून, कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यावर एक ओलसर फडकं, आणि डब्यात.

माठ, टाकी आणि बंद गीझर

माठातलं पाणी गार का होतं हे आपण शाळेत शिकतो, पण किती गार, ते हवेवर ठरतं. बाहेर ४५ अंश आणि हवेतली आर्द्रता १० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २१-२२ अंशांपर्यंत उतरू शकतं. आर्द्रता ४० टक्क्यांवर गेली, की तीच मर्यादा ३२-३३वर येते. प्रत्यक्षात माठ त्याच्या चार-पाच अंश वरच थांबतो. माठ सावलीत ठेवा, पण वारा लागेल असा ठेवा. कोपऱ्यात, कपाटाशेजारी कोंडला तर त्याच्याभोवती ओली हवा साचते आणि काम थांबतं. बाहेरून तेलकट हात लागू देऊ नका, रंग लावलेला माठ घेऊ नका, आणि दर आठवड्याला काथ्याने घासा, साबण न लावता. पाण्यातले क्षार मातीची छिद्रं बुजवतात. दीड-दोन वर्षांनी माठ पाझरायचा बंद झाला की त्यात झाड लावा आणि नवा आणा.

भाज्यांसाठी घागरीत घागर करता येते. मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडं, मधल्या फटीत ओली वाळू, वरून ओलं फडकं. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी ही जुनी रीत १९९०च्या दशकात खेडोपाडी पोचवली आणि त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांच्या भांड्यात वांगी तीन दिवसांऐवजी सत्तावीस दिवस टिकली. मी माझ्या घागरीत टोमॅटो, वांगी, गाजरं, काकड्या ठेवते. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं, हे काम धाकट्याचं. कांदे-बटाटे त्यात ठेवू नका, ओलीने कुजतात. दूध आणि शिजवलेलं अन्न तर नाहीच, तेवढं गार ते भांडं करू शकत नाही.

आता टाकीचं. गच्चीवरची टाकी दुपारी इतकी तापते की नळाखाली हात धरवत नाही. मुलांना दुपारी नळ सोडू देऊ नका, हात भाजतो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी पहाटेच भरून ठेवायचं, आणि तेही टाकीतलं नको, थेट पिण्याच्या नळाचं किंवा गाळून घेतलेलं.

आंघोळीसाठी एक फार उपयोगाची युक्ती मला शेजारच्या आजींनी सांगितली. उन्हाळा लागला की गीझरचं बटण बंद करायचं. गीझर घराच्या आत असतो, त्याच्या टाकीत साठलेलं पाणी हळूहळू खोलीइतकं होतं. मग 'गार' नळातून कढत पाणी येतं आणि 'गरम' नळातून बऱ्यापैकी गार! मुलांना नळांची ही अदलाबदल नीट समजावून सांगा, आणि पाहुणे आले तर न्हाणीघराच्या दारावर चिठ्ठी लावा. गीझर १५ लिटरचा असेल तर एका माणसाची आंघोळ होते, पुढच्याने तासभर थांबायचं. हे पाणी प्यायचं नाही, बादलीत घेऊन वापरायचं.

वाळवण आणि साठवण

कोरड्या हवेचा त्रास जेवढा, तेवढाच फायदाही. पुदिना, मेथी, कढीपत्ता सावलीत पंचावर पसरले की एक-दोन दिवसांत कुरकुरीत. उन्हात ठेवू नका, रंग आणि वास दोन्ही जातात. टोमॅटोच्या बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या, मीठ लावून, जाळीवर, वर मलमल ताणून, उन्हात दोन-तीन दिवस. चकती वाकवली तर चामड्यासारखी वाकावी आणि मधे दाबून ओल लागू नये. बरण्या भरायच्या त्या दुपारीच. तेव्हा हवा सगळ्यात कोरडी असते. सकाळी भरल्या तर रात्रीची जरा धरलेली ओल आत कोंडते.

तेल, दाणे, तीळ, खोबरं यांना मात्र उष्णता बाधते. खवट होतात, तेही पटकन. थोडं थोडं आणा. दाणे आणि तीळ मी फ्रीझरमध्ये ठेवते. पीठ आणि रवा आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरते, त्यामुळे सोंडे आणि अळ्या होत नाहीत.

माणसांचं

मुलांना खेळताना तहान कळत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना वयाने तहान कमी लागते. शिवाय कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, अंग कोरडंच दिसतं. 'घाम कुठे आलाय?' या समजुतीवर विसंबू नका. सासूबाई पाणी मागत नाहीत, म्हणून मी त्यांना विचारतच नाही. दर तासाला फुलपात्र हातात देते आणि संपेपर्यंत तिथेच बसते, दोन गोष्टी बोलते. तेवढ्याने त्यांचं पाणीही जातं आणि दिवसही. त्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असता तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवलं असतं, तुम्हीही तसंच करा. मुलांना मी लघवीचा रंग बघायला शिकवलंय. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर आईला सांगायचं. लाजायचं नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी सगळ्यात चांगली. ती नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

पंख्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम हवाच फेकतो आणि अंग तापतं. अशा वेळी मान, दंड, पाय ओल्या पंच्याने पुसून घ्या, किंवा सगळ्यांनी घरातल्या एकाच गार खोलीत या. आमच्याकडे दुपारी एक ते चार सगळे त्याच खोलीत. अभ्यास तिथे, सासूबाईंची वाती वळणं तिथे, भाजी निवडणं तिथे. मुलं तिथेच शेंगा सोलायला शिकली.

कुणी बरळायला लागलं, गोंधळलं, तोल जायला लागला आणि अंग तापलेलं असलं, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असो वा नसो. आधी दवाखान्याला फोन, आणि मदत येईपर्यंत माणसाला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. उभ्या गाडीत मुलाला एक मिनिटही ठेवायचं नाही. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते.

धुळीचं वादळ येणार असं दिसलं की माझी कामं ठरलेली. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल, ओट्यावरची भांडी पालथी, माठावर दुहेरी फडकं, वाळवण आत. वादळ गेल्यावर आधी ओल्या फडक्याने पुसायचं. केरसुणी फिरवली तर सगळी धूळ पुन्हा हवेत जाते आणि रात्रभर घरदार खोकतं.

रात्र

कोरड्या वाळवंटात दिवस आणि रात्र यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, कारण जमिनीची उष्णता धरून ठेवायला हवेत बाष्प नसतं. तो फरक पदरात पाडून घ्यायचा. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की, आमच्याकडे साधारण रात्री अकराला, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, जाळ्या लावून. पहाटे स्वयंपाक होईपर्यंत त्या उघड्याच. सात वाजता सगळ्या खिडक्या बंद आणि पूर्व-पश्चिमेचे जाड पडदे ओढलेले. पडद्याची सावली बाहेरून पडली तर आणखी बरं, म्हणून खिडक्यांवर बाहेरून वाळ्याचे पडदे किंवा चटया टांगा. ऊन काचेतून आत आलं की ते आतच राहतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एका सकाळी 'गार' नळाचं पाणी खरंच गार लागतं. त्या दिवशी गीझर सुरू करायचा, पण लगेच आंघोळीला जायचं नाही. उन्हाळाभर कोमट राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढलेले असू शकतात. आधी गीझरच्या टाकीतलं जुनं पाणी पूर्ण सोडून द्या, तेवढा वेळ खिडकी उघडी ठेवा. मग नवं पाणी भरून गीझर ६० अंशांवर नेऊन अर्धा तास राहू द्या. त्यानंतर दारावरची चिठ्ठी काढा आणि मुलांना नळ परत शिकवा.